चार दिवस चालतो आणि मग गप्प बसतो: स्प्रिंग बूटच्या शेड्युलरचं जुनं दुखणं

स्प्रिंग बूट म्हणजे जावाची ॲप्लिकेशन बांधायची चौकट, आणि शेड्युलर म्हणजे तिच्यातला ठरलेल्या वेळी कामं (जॉब) चालवणारा भाग. त्याच्या दुखण्याचं लक्षण असं. ॲप्लिकेशन चालू आहे, लॉगिन होतंय, पानं उघडतायत, लॉगमध्ये एकही एरर नाही. फक्त रात्री दोनचा जॉब चाललेला नाही. काल नाही आणि परवाही नाही. त्याआधी चार दिवस अगदी वेळेवर चालला होता. सर्व्हर रिस्टार्ट केला की परत सुरू होतो आणि आठ-दहा दिवसांत परत गप्प.

हे दुखणं मी तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टांत पाहिलंय. पहिल्या वेळी जवळजवळ तीन आठवडे चुकीच्या फाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ॲनोटेशनची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये त्यांचं मूळ स्पेलिंग घ्यायचं हे सांगायला नकोच.

पहिली गोष्ट: रिस्टार्ट करू नका. म्हणजे करा, पण दोन मिनिटांनी. रिस्टार्टने जॉब सुरू होतो हे खरं, पण तो का थांबला होता याचा एकमेव पुरावाही त्यासोबत धुतला जातो. साहेब मागे उभे असले तरी आधी थ्रेड डंप घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड (कामाचा धागा) त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी.

डंप घ्यायला जेसीएमडी, प्रोसेस नंबर आणि थ्रेड.प्रिंट एवढं पुरतं. जेस्टॅकही चालतो. कंटेनरमध्ये नुसता जेआरई असेल तर ही दोन्ही साधनं तिथे नसतात. मग किल -३ द्या. नाव भयंकर असलं तरी जावाची प्रोसेस त्याने मरत नाही, डंप स्टँडर्ड आउटपुटवर छापते आणि आपलं काम पुढे चालू ठेवते. ॲक्च्युएटरचा (चालू ॲप्लिकेशनची आतली माहिती दाखवणारा स्प्रिंग बूटचा भाग) थ्रेडडंप एंडपॉइंट उघडा ठेवला असेल तर तोही बरा. एकावर थांबू नका, दहा-दहा सेकंदांनी तीन डंप घ्या. एका फोटोवरून माणूस उभा आहे की चालतोय ते कळत नाही, तसंच हे.

आता डंपमध्ये ‘शेड्युलिंग-१’ या नावाचा थ्रेड शोधा. स्प्रिंग बूट आपल्या शेड्युलरच्या थ्रेडला हेच नाव देतं. पुढे दोनच शक्यता.

तो थ्रेड वेटिंग किंवा टाइम्ड वेटिंग अवस्थेत असेल आणि त्याच्या स्टॅकमध्ये (एकीने दुसरीला बोलावलेल्या मेथडच्या यादीत) डिलेड-वर्क-क्यू दिसत असेल, तर तो ठणठणीत आहे. पुढच्या कामाची वेळ व्हायची वाट पाहतोय. मग गडबड वेळापत्रकात आहे, त्याकडे खाली येतो.

पण त्या स्टॅकमध्ये तुमच्याच पॅकेजमधल्या एखाद्या क्लासचं नाव दिसलं आणि तिन्ही डंपमध्ये तीच ओळ असेल, तर चोर सापडला.

आमच्या डंपमध्ये काय दिसलं ते सांगतो. आम्ही शोधत होतो रात्रीचा अहवाल तयार करणारा जॉब. तीन आठवडे त्याचाच कोड वाचत होतो, त्यातल्या क्वेऱ्या तपासत होतो, त्याच्या क्रॉनकडे (वेळापत्रक सांगणाऱ्या ओळीकडे) टक लावून बघत होतो. डंपमध्ये मात्र अहवालाचा पत्ताच नव्हता. शेड्युलिंग-१ अडकला होता दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हिसकडून दर आणणाऱ्या, कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या एका जॉबमध्ये. स्टॅकच्या टोकाला नेट.पोल, त्याखाली निओ-सॉकेट-इम्पल, त्याखाली एचटीटीपीच्या दहाबारा ओळी आणि सगळ्यात खाली आमची दर-आणा मेथड. जावा १३ च्या आधीच्या आवृत्तीत टोकाला सॉकेट-रीड-० दिसतं, कारण १३ मध्ये सॉकेटचा आतला भाग नव्याने लिहिला गेला.

इथे एक चकवा आहे. त्या थ्रेडची अवस्था रनेबल लिहिलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा तर पळतोय, अडकलाय कुठे? पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉलमध्ये बसून राहिलेला थ्रेडही जावाच्या हिशेबात रनेबलच असतो. खरं काय ते पहिल्याच ओळीत कळतं. जावा ११ पासून डंपमध्ये प्रत्येक थ्रेडसमोर ‘सीपीयू’ आणि ‘इलॅप्स्ड’ असे दोन आकडे येतात. आमच्याकडे इलॅप्स्डचा आकडा प्रत्येक डंपमध्ये दहा सेकंदांनी वाढत होता, सीपीयूचा जागचा हलत नव्हता. नुसता बसलेला थ्रेड.

म्हणजे दर आणणारा जॉब अडकला आणि त्याच्यामुळे अहवालाचा जॉब उपाशी राहिला. का? कारण स्प्रिंग बूटच्या शेड्युलरमध्ये मुळात एकच थ्रेड असतो. स्प्रिंग.टास्क.शेड्युलिंग.पूल.साइझ हे सेटिंग बूट २.१ पासून आहे आणि काही लिहिलं नाही तर त्याची किंमत १. तुम्ही @शेड्यूल्ड (मेथड वेळापत्रकावर लावणारं ॲनोटेशन) लावलेल्या पंधरा मेथड असोत की पन्नास, सगळ्यांची रांग एकाच खिडकीवर. खिडकीवरचा माणूस फोनवर बोलत बसला की मागचे सगळे ताटकळतात, आणि त्यांच्यापैकी कुणीही तक्रार लॉगमध्ये लिहीत नाही. न झालेल्या कामाची लॉगमध्ये ओळ नसते, हीच या दुखण्याची गोम आहे.

आणि शिकताना ते दिसत नाही. आपण नमुन्याला दर पाच सेकंदांनी वेळ छापणारी एक मेथड लिहितो, ती छापते, आपण खूश. एका जॉबला एक थ्रेड पुरेसाच असतो.

तर मग उपाय म्हणून पूल, म्हणजे थ्रेडची संख्या, वाढवायचा? जवळजवळ सगळे तेच करतात. साइझ ५ किंवा १० लिहितात, अहवाल परत वेळेवर येऊ लागतो, तिकीट बंद. मला हा अर्धा उपाय वाटतो, आणि तोही उलट्या बाजूने सुरू केलेला. एकच @शेड्यूल्ड मेथड साध्या थ्रेड पूलमध्ये स्वतःवर स्वतः चढत नाही. आधीची फेरी संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. म्हणून अडकलेला जॉब पाचपैकी एक थ्रेड धरून कायमचा बसून राहतो आणि बाकीचे जॉब उरलेल्या चारांवर मजेत चालतात. आता आजारी जॉब एकटाच गप्प आहे आणि आजूबाजूला सगळं हिरवंगार, म्हणजे तो गप्प आहे हे कळायला आणखी उशीर. आमच्याकडे असं झालं असतं तर महिनाभर जुन्याच दरांवर अहवाल निघाले असते, तेही अगदी वेळेवर.

आधी टाइमआउट लावा, म्हणजे किती वेळ वाट पाहायची त्याची मर्यादा. आमच्या कोडमध्ये साधा रेस्ट-टेम्प्लेट (स्प्रिंगचा एचटीटीपी कॉल करणारा क्लास) होता, नुसता न्यू करून बनवलेला. त्याच्या पोटात जावाचं जुनं एचटीटीपी कनेक्शन असतं आणि त्याचे कनेक्ट आणि रीड हे दोन्ही टाइमआउट मुळात ०. शून्य म्हणजे ‘लगेच सोड’ असं नव्हे, शून्य म्हणजे ‘कधीच सोडू नको’. मधल्या एखाद्या फायरवॉलने कनेक्शन गुपचूप टाकून दिलं, समोरून ‘बंद करतोय’ असा निरोपही आला नाही, तर आपला थ्रेड उत्तराची वाट बघत बसतो. सर्व्हर रिस्टार्ट होईपर्यंत. नेटवर्कमध्ये असं रोज होत नाही, आठ-दहा दिवसांतून एकदा होतं. आमच्या ‘चार दिवस चालतो’चं कारण एवढंच होतं.

आम्ही कनेक्टला ३ सेकंद आणि रीडला १० सेकंद दिले. पुढच्याच आठवड्यात लॉगमध्ये पावणेदोनला ‘रीड टाइम्ड आउट’ची लांबलचक एरर आली आणि तिच्याखाली ठीक दोनला अहवाल सुरू झाल्याची ओळ. इतकी आवडलेली एरर मी त्याआधी पाहिली नव्हती.

रीड टाइमआउटबद्दल एक बारकावा: तो पूर्ण कॉलला नसतो, दोन वाचनांच्या मधल्या शांततेला असतो. समोरचा सर्व्हर दर नऊ सेकंदांनी एक-एक बाइट पाठवत राहिला तर दहा सेकंदांचा टाइमआउट कधीच लागणार नाही. असं क्वचित होतं, पण मोठी फाइल उतरवणारा जॉब असेल तर लक्षात ठेवा.

डेटाबेसकडेही बघा. हिकारी पूलमधून (डेटाबेसची कनेक्शनं तयार ठेवणाऱ्या साठ्यातून) कनेक्शन मिळायला उशीर झाला तर ३० सेकंदांनी एक्सेप्शन येतं, तिथे काळजी नाही. काळजी त्यापुढे आहे. जेडीबीसीच्या (जावाच्या डेटाबेस जोडणीच्या) स्टेटमेंटला मुळात क्वेरी टाइमआउट नसतो, पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउटही मुळात ०. दुसऱ्या कुणी टेबलवर लॉक धरला असेल तर तुमची अपडेट क्वेरी निमूट बसून राहते. जॉबच्या ट्रान्झॅक्शनला टाइमआउट द्या, ती चार अक्षरांची सवय आहे.

हे झाल्यावर पूल वाढवा, जरूर वाढवा. फक्त वाढवण्याआधी सगळे जॉब एकदा नजरेखालून घाला. आजवर एकच थ्रेड होता म्हणून जे जॉब आपोआप एकामागून एक चालत होते, ते आता एकाच वेळी चालतील. जुन्या नोंदी पुसणारा आणि त्याच नोंदींची बेरीज करणारा असे दोन जॉब दोनलाच लागत असतील तर आजवर ते एकमेकांच्या पायात आले नाहीत ते नशिबाने.

इथेच कुणीतरी @असिंक (मेथड वेगळ्या थ्रेडवर चालवणारं ॲनोटेशन) लावायचं सुचवतं. त्याने शेड्युलरचा थ्रेड मोकळा होतो हे खरं. पण मग शेड्युलरच्या दृष्टीने काम ‘दिलं’ की संपलं. फिक्स्ड डिले म्हणजे आधीची फेरी संपल्यापासून मोजलेलं अंतर, आणि आता ती फेरी एका क्षणात ‘संपते’. जॉब हळू चालला की त्याच्याच दोन-तीन फेऱ्या एकमेकांवर. शिवाय बूटच्या ठरावीक एक्झिक्युटरमध्ये (अशी कामं थ्रेडना वाटणाऱ्या भागात) ८ थ्रेड आणि पुढे अमर्याद रांग असते, म्हणजे आठही अडकले की कामं मेमरीत साचत राहतात. अडकण्याची जागा बदलली, इतकंच. बूट ३.२ पासून जावा २१ वर व्हर्च्युअल थ्रेड (जावाचे हलके थ्रेड) चालू करता येतात. तेव्हा पूल साइझला काही अर्थ उरत नाही, पण फिक्स्ड रेटच्या (एका फेरीच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत ठरलेल्या अंतराच्या) जॉबची प्रत्येक फेरी नव्या थ्रेडवर सुटते, म्हणून एकमेकांवर चढण्याची भीती तिथेही आहेच.

एक गैरसमज जाता जाता. ‘एक्सेप्शन आला की जॉब कायमचा बंद पडतो’ असं बरेच जण सांगतात. जावाच्या उघड्या शेड्यूल्ड-एक्झिक्युटर-सर्व्हिसबद्दल ते बरोबर आहे, तिथे एक एक्सेप्शन बाहेर निसटला की पुढच्या फेऱ्या रद्द, तेही मुकाट्याने. पण @शेड्यूल्ड मेथडला स्प्रिंग गुंडाळून घेतं, एक्सेप्शन लॉगमध्ये लिहितं आणि पुढची फेरी वेळेवर लावतं. तेव्हा स्वतः एक्झिक्युटर बनवला नसेल तर या संशयावर वेळ घालवू नका.

आता उरलेली शक्यता: डंपमध्ये थ्रेड निवांत आहे, तरी जॉब चालला नाही किंवा भलत्याच वेळी चालला.

ॲक्च्युएटरचा शेड्यूल्डटास्क्स एंडपॉइंट उघडा. स्प्रिंगने नोंदवलेले सगळे जॉब त्यात दिसतात. तुमचा नसेल तर कारणं ठरलेली: @एनेबलशेड्युलिंग राहिलं, क्लास बीनच (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) नाही, पॅकेज स्कॅनच्या बाहेर आहे, चुकीचं प्रोफाइल लागलंय, किंवा क्लासवर कुणी @लेझी लावलंय आणि त्या बीनला अजून कुणी हाकच मारलेली नाही. क्रॉनच्या जागी नुसती ‘-’ असेल तरीही जॉब बंद असतो. ती सोय मुद्दाम दिलेली आहे आणि टेस्टच्या सेटिंगमधून ती प्रॉडक्शनमध्ये गेलेली मी पाहिली आहे.

जॉब यादीत असेल तर क्रॉन वाचा. लिनक्सच्या क्रॉनमध्ये पाच रकाने, स्प्रिंगमध्ये सहा, पहिला सेकंदांचा. पाच लिहिले तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही, ते परवडलं. घोळ होतो तो सहावा रकाना भरायचा म्हणून पुढे एक तारा ठोकल्यावर. ‘* ० २ * * *’ याचा अर्थ दोन वाजता असा नाही, दोन वाजल्यापासून मिनिटभर दर सेकंदाला. साठ वेळा. माझ्या एका सहकाऱ्याने अशा जॉबमधून आठवणीची ईमेल पाठवली होती. दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल न लिहिलेलंच बरं. बरोबर रूप ‘० ० २ * * *’.

क्वार्ट्झमधून (जावाच्या दुसऱ्या एका शेड्युलिंग लायब्ररीतून) क्रॉन उचलून आणला असेल तर वार तपासा. क्वार्ट्झमध्ये १ म्हणजे रविवार, स्प्रिंगमध्ये १ म्हणजे सोमवार, आणि रविवार ० किंवा ७. मी वार नेहमी अक्षरांनीच लिहितो. तारीख आणि वार दोन्ही भरले तर लिनक्सचा क्रॉन ‘दोन्हींपैकी एक जुळलं तरी चालेल’ म्हणतो, स्प्रिंगला दोन्ही जुळावे लागतात. १३ तारीख आणि शुक्रवार असं लिहिलंत तर तुमचा साप्ताहिक जॉब वर्षातून एक ते तीन वेळा चालेल.

डोक्यात हिशेब करत बसू नका. स्प्रिंग ५.३ पासून क्रॉन-एक्स्प्रेशन नावाचा क्लास आहे. एका छोट्या टेस्टमध्ये तुमचा क्रॉन पार्स करा, नेक्स्ट पाच वेळा बोलवा आणि आलेल्या तारखा वाचा. पाच ओळींचं काम आहे.

वेळ काही तासांनी सरकलेली असेल तर टाइमझोन. तुमच्या लॅपटॉपवर स्थानिक वेळ, कंटेनरमध्ये बहुतेक वेळा यूटीसी. @शेड्यूल्डमध्ये झोन लिहा आणि मोकळे व्हा. जिथे उन्हाळ्यासाठी रात्री दोनला घड्याळ तासभर पुढे करतात तिथे रात्री दोन ते तीनमधला जॉब ठेवूच नका, वर्षातून एका रात्री तो तास अस्तित्वातच नसतो.

फिक्स्ड रेट ६० लिहून मिनिटाची अपेक्षा धरणारेही भेटतात. तो आकडा मिलिसेकंदांचा असतो.

तिसरी तक्रार: जॉब दोनदा चालला. बहुतेक वेळा कारण साधं असतं, ॲप्लिकेशनच्या दोन प्रती चालू आहेत. @शेड्यूल्डला शेजारच्या सर्व्हरची गंधवार्ता नसते, प्रत्येक प्रत आपापला जॉब चालवते. एकच प्रत असताना दोनदा चालत असेल तर तोच क्लास दोन बीन म्हणून नोंदला गेलाय का बघा. जुन्या स्प्रिंग एमव्हीसी प्रोजेक्टांत रूट आणि सर्व्हलेट असे दोन्ही कॉन्टेक्स्ट एकच पॅकेज स्कॅन करतात. किंवा मूळ क्लासही बीन आणि त्याचा वारस क्लासही बीन, मग वारशात आलेली @शेड्यूल्ड मेथड दोघांकडून चालते.

अनेक प्रतींसाठी शेडलॉक (एका वेळी एकाच प्रतीला जॉब चालवू देणारी लायब्ररी) पुरतं. क्वार्ट्झचं क्लस्टरही आहे, पण चार जॉबांसाठी ते टेबलांचं लटांबर मला जड वाटतं. शेडलॉक डेटाबेसमध्ये एकच टेबल ठेवतं: जॉबचं नाव, कधीपर्यंत लॉक, कधी घेतला, कुणी घेतला. ज्या प्रतीला लॉक मिळाला ती चालवते, बाकीच्या वाट न पाहता तो जॉब सोडून देतात.

त्यातले दोन आकडे विचार करून भरा. लॉक-ॲट-मोस्ट-फॉर म्हणजे लॉक जास्तीत जास्त किती वेळ. तो जॉबच्या खऱ्या वेळेपेक्षा कमी असेल तर पहिली प्रत काम करत असतानाच दुसरीला लॉक मिळू शकतो. लॉक-ॲट-लीस्ट-फॉर म्हणजे कमीत कमी. जॉब पाव सेकंदात उरकत असेल आणि दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ एक सेकंद मागे असेल, तर तो येईपर्यंत लॉक सुटलेला असतो आणि जॉब पुन्हा चालतो. पंधरा-वीस सेकंद द्या, प्रश्न मिटतो.

आणि इथून आपण परत गप्प बसलेल्या जॉबकडे येतो. धसका घेऊन लॉक-ॲट-मोस्ट-फॉर चोवीस तास ठेवला, जॉब निम्म्यात असताना कंटेनर मारला गेला, तर लॉक सोडायला कुणी उरत नाही. नवीन प्रती येतात, शेड्युलिंग-१ वेळेवर उठतो, लॉक दिसतो, परत झोपतो. डंप निर्मळ, क्रॉन बरोबर, जॉब नाही. अशा वेळी ते टेबल उघडा: वेळ पुढची आणि ‘कुणी घेतला’च्या रकान्यात कधीच मेलेल्या मशीनचं नाव.

जॉब निम्म्यात मरण्याचं सर्वात सामान्य कारण म्हणजे आपलंच डिप्लॉय. शेड्युलर बंद होताना चालू काम पूर्ण होईपर्यंत मुळात थांबत नाही, थ्रेडला इंटरप्ट करून मोकळा होतो. स्प्रिंग.टास्क.शेड्युलिंग.शटडाउन.अवेट-टर्मिनेशन ट्रू करा आणि त्याच्या पिरियडमध्ये जॉबला लागणारा वेळ भरा. कुबरनेटिसवर (कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) असाल तर पॉडला, म्हणजे तिथल्या तुमच्या एका प्रतीला, निरोप घ्यायला मुळात ३० सेकंदच मिळतात, तेव्हा तिथलाही आकडा या पिरियडपेक्षा मोठा हवा. अर्धा तास चालणारा जॉब असेल तर हे सगळं व्यर्थ आहे. त्याचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा झाल्यावर खूण ठेवा आणि पुढच्या फेरीला त्या खुणेपासून उचलू द्या.